अर्धा मनोरा

घरी तिला सगळे टकळी म्हणायचे. बोलायला लागल्यापासून तिचं तोंड म्हणून मिटलं नव्हतं. जेवताना, आई वेणी घालत असताना, अगदी तापाने फणफणलेली असतानासुद्धा टकळी चालूच. वडिलांचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. आई नोकरीवरून उशिरा यायची, म्हणून शाळा सुटली की वडील तिला शिकवणीच्या गाडीत मागच्या सीटवर बसवून घ्यायचे. पुढे शिकणाऱ्या माणसाला दरदरून घाम फुटलेला असायचा आणि ही मागून त्याला विचारायची, "काका, तुम्हाला मुलं आहेत? मोठी का लहान?" वडील आरशातून तिच्याकडे नुसतं बघायचे. तेवढ्यावर ती पुढच्या चौकापर्यंत गप्प बसायची.

तीच मुलगी फिजिओथेरपी शिकायला घरापासून रात्रभराच्या प्रवासावर गेली आणि बघता बघता मुकी झाली. तसं मोठं काही घडलं नव्हतं. वर्गातल्या बाकीच्या मुली एकाच शाळेतून एकत्र आलेल्या. त्यांचे विनोदसुद्धा जुने, अर्धवट बोलले तरी सगळ्यांना कळणारे. ही पहिल्या आठवड्यात मध्ये बोलायला गेली, दोनदा कोणाला ऐकू गेलं नाही, मग तिने नाद सोडला. हळूहळू गप्प राहणं अंगवळणी पडलं. हॉस्टेलवरची रूममेट स्वभावाने चांगली होती, पण ती सकाळी प्रयोगशाळेत जायची ती झोपायलाच परत यायची.

त्यात वॉर्डातलं काम सुरू झालं. अपघातातून सावरत असलेल्या एका माणसाला पलंगावरून उठवून उभं करायचं होतं. टकळीने त्याच्या पाठीला हात लावला तो इतका हलका, की त्या बिचाऱ्याला कळलंच नाही. मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, "तू त्यांना धरते आहेस की त्यांची माफी मागते आहेस?" मुली हसल्या. वाईट मनाने नव्हे, पण हसल्या.

त्या रविवारी तिने आईला फोनवर सांगून टाकलं, की हे सत्र संपलं की मी घरी येते, पुढचं पुढे बघू. आई म्हणाली, "बरं. नीट जेवत जा." वडिलांनी फोन घेतला, थोडा वेळ नुसता कानाला धरून ठेवला आणि परत आईकडे दिला.

सहलीची टूम काढली ती रूममेटने. "जायचं तर जा बाई, पण आली आहेस तर निदान आजूबाजूचं बघून तरी जा," ती म्हणाली. जुनी ठिकाणं एका दिवसात दाखवून आणणारी एक बस होती. सकाळी किल्ला, दुपारी मनोरा, संध्याकाळी नदीवरचा जुना पूल. दोघींनी नावं नोंदवली. आणि आदल्या संध्याकाळी रूममेटचा भाऊ काही न कळवता येऊन टपकला.

"तू जा ना," रूममेट म्हणाली.

"एकटी?"

"बसभर माणसं असतात. एकटी कशी?"

या प्रश्नाला टकळीकडे उत्तर होतं, पण ते सांगत बसायचं म्हणजे आणखी बोलणं आलं. म्हणून ती सकाळी अंघोळ करून, पिशवीत पाण्याची बाटली आणि बिस्किटं टाकून, मुकाट्याने बसपाशी जाऊन उभी राहिली. खरं तर तिला तिथूनच काढता पाय घ्यायचा होता. पण गाईडने यादीत तिचं नाव शोधून खूणही करून टाकली आणि म्हणाला, "चला चला, तुमच्यासाठीच थांबलोय."

बसमध्ये एकच जागा रिकामी होती. तिघांच्या बाकावर खिडकीशी एक सत्तरीतले गृहस्थ बसले होते, इस्त्रीचा शर्ट, चकचकीत काचांचा चष्मा. बाकाच्या दुसऱ्या टोकाला त्यांच्याहून वयाने थोड्या मोठ्या बाई, मांडीवर भलीमोठी पिशवी. मधली जागा मोकळी.

"तुम्ही दोघं जवळ बसा ना, मी कडेला बसते," टकळी म्हणाली.

"नको," बाई म्हणाल्या. "तू मध्येच बस. सकाळपासून आमचं बोलणं बंद आहे."

ती मध्ये बसली. बस सुरू झाली. थोडं अंतर गेल्यावर बाईंनी पिशवीतून मफलर काढून तिच्या हातात दिला. "याला सांग, वारा लागतोय, मफलर घाल."

टकळीने गृहस्थांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तिला सांग, मला वारा आवडतो."

"त्यांना वारा आवडतो म्हणतात," टकळी म्हणाली.

"रात्री खोकताना आवडत नाही म्हणावं."

अशी सगळी वाटचाल. बाईंनी तीस-पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. "आयुष्यभर मी लोकांचे फोन जोडून दिले," त्या म्हणाल्या, "आज तू आमचा जोड." गृहस्थांचं चष्म्यांचं दुकान होतं, ते आता बायकोच्या भाच्याच्या ताब्यात होतं. दोघं सख्खे भाऊ-बहीण. बाईंनी लग्न केलं नव्हतं, गृहस्थांची बायको काही वर्षांपूर्वी गेली होती, तेव्हापासून दोघं एका घरात राहत होते आणि भांडत होते. बाईंना ते ताई म्हणत. बाई त्यांना बाळ म्हणत. सत्तरीतल्या माणसाला बाळ म्हटलेलं ऐकून टकळीला हसू फुटलं, ते तिने खोकल्यात लपवलं.

"आजोबा, पाणी देऊ?" तिने विषय बदलावा म्हणून विचारलं.

"काका म्हण," ते म्हणाले.

"मला आजी म्हण," बाई म्हणाल्या. "मला चालतं. माझे केस मी रंगवत नाही."

भांडणाचं मूळ होतं गुडघा. काकांचा उजवा गुडघा बदलून वर्ष होत आलं होतं आणि त्यांना मनोरा चढायचा होता. "डॉक्टर म्हणाले, या गुडघ्यावर तुम्ही डोंगर चढाल," ते म्हणाले.

"डॉक्टर असंही म्हणाले होते, की गोळ्या जेवणानंतर घ्या. ते याला ऐकू आलं नाही," आजी म्हणाल्या.

टकळीने जरा चाचरतच सांगितलं, की ती फिजिओथेरपी शिकते. झालं. काकांनी तिथल्या तिथे पँट दुमडून गुडघा दाखवला. पलीकडच्या बाकावरच्या नवराबायकोने माना वळवून घेतल्या. टकळीने व्रण बघितला, गुडघा वाकवायला लावला, सरळ करायला लावला. "चांगला वाकतोय काका. व्यायाम करता ना?"

"रोज," काका म्हणाले.

"रोज करीन म्हणतो," आजी म्हणाल्या.

किल्ल्यावर गाईडने त्यांना दरवाजे दाखवले, घोड्यांच्या पागा दाखवल्या, धान्याचं कोठार दाखवलं. कोठारात बोललेला शब्द छताला आपटून दोनदा परत यायचा. तिथे सगळ्यांनी आपापली नावं ओरडून घेतली, आजींनी एक्स्चेंजचा जुना सूर लावून "बोला, कोण हवंय?" असं विचारलं आणि बसभरच्या माणसांना हसवलं. टकळी भिंतीला टेकून ऐकत राहिली. तिला ओरडावंसं वाटलं, पण इतक्या महिन्यांत तिने आवाज म्हणून चढवला नव्हता. आता तो निघेल की नाही याचीच खात्री वाटेना.

मनोऱ्यापाशी पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. मनोरा उंच, दगडी, वर जाता जाता निमुळता होत गेलेला. गाईडने सांगितलं, की शत्रू आला की इथे वर जाळ पेटवायचे, तो बघून पुढच्या टेकडीवरचे लोक आपला जाळ पेटवायचे आणि असा निरोप घोड्याच्या आधी राजधानीला पोचायचा. "आता ऐका," तो म्हणाला, "जिना एकच, एका माणसापुरता. चढणारे आणि उतरणारे समोरासमोर आले तर पंचाईत. म्हणून दोन गट करू. पहिला गट वर जाऊन खाली आला, की दुसरा."

काका पहिल्या गटात घुसले. आजींनी सावलीतला एक दगड बघून बैठक मारली. त्यांना उंचीचं वावडं होतं. "मी काही वर येत नाही. तू जा याच्याबरोबर," त्या टकळीला म्हणाल्या, आणि मग आवाज खाली आणून, "मागेच राहा त्याच्या. तो काय, गुडघा मोडला तरी सांगायचा नाही."

जिना गोल गोल वर जात होता. पायऱ्या आतल्या बाजूला बोटभर आणि बाहेरच्या बाजूला पाऊल मावेल एवढ्या. मधल्या खांबाला धरायला काही नव्हतं, बाहेरच्या भिंतीला थोड्या अंतरापर्यंत लोखंडी कांब होती, ती पुढे कधीतरी गंजून गळून पडलेली. ठरावीक अंतरावर भिंतीत अरुंद झरोके. बाकीची मंडळी भराभरा वर गेली, त्यांचे आवाज लांब लांब होत गेले. काका सावकाश पण न थांबता चढत होते. मध्येच म्हणाले, "बघ, काही होतंय का?" टकळी म्हणाली, "छान चढताय. बोलू नका, दम लागेल."

अर्ध्यावर एक झरोका होता. बाकीचे डोळ्यांच्या उंचीवर होते, हा मात्र खाली, गुडघ्यापाशी, चांगला रुंद. काकांनी पाय ठेवायला म्हणून खाली बघितलं आणि त्यांना त्या झरोक्यातून सरळ जमीन दिसली. आगपेटीएवढी बस, सावलीतला ठिपका म्हणजे आजी.

ते थांबले. टकळीला वाटलं, दम खाताहेत. मग तिने बघितलं, की त्यांचे दोन्ही तळवे भिंतीला चिकटलेत आणि नखं पांढरी पडलीत.

"काका, दुखतंय?"

"नाही."

"मग?"

ते अगदी हळू म्हणाले, "पाय उचलत नाही गं. दुखत असता तर बरं झालं असतं."

"वर जायचं का खाली?"

"कुठेच नाही."

टकळीने पुस्तकात वाचलं होतं, जिन्यावर पेशंटच्या नेहमी खालच्या बाजूला उभं राहायचं. ती खालच्या बाजूलाच होती. यापुढचं पुस्तकात काही आठवेना. आणि नेमकी तेव्हाच वरून पावलं वाजायला लागली. पहिला गट वर पोचून, फोटो काढून, गप्पा मारत खाली येत होता. त्याच वेळी खालूनही धापा ऐकू आल्या. दुसऱ्या गटातला गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक जाडगेला माणूस, गाईडचा डोळा चुकवून आधीच वर निघाला होता. आणखी थोडा वेळ गेला असता तर काका आणि टकळी दोन्ही बाजूंनी चेंगरले असते.

"वरचे लोक, तिथेच थांबा."

आपण ओरडलो हे तिला स्वतःचा आवाज परत ऐकू आला तेव्हा कळलं. गोल भिंतींनी तो उचलून वरपर्यंत नेला. पावलं थांबली.

"काय झालं?" वरून कोणीतरी विचारलं.

"काही नाही. आम्हाला वेळ लागणार आहे. मी सांगेपर्यंत कोणी खाली यायचं नाही. बसून घ्या पायऱ्यांवर."

बसल्याचे आवाज आले. खालचा माणूस मात्र वळण घेऊन तिच्यापर्यंत आलाच. "अहो, बाजूला व्हा ना जरा. आम्हालाही बघायचंय."

"बघाल," टकळी म्हणाली. "आधी मागे जा."

"मागे कसा जाऊ इथून?"

"आलात तसे. भिंतीकडच्या बाजूने. एक हात भिंतीवर ठेवा, खाली बघा आणि हळू. आणि जाताना मागून कोणी येत असेल त्यालाही घेऊन जा."

तो काहीतरी पुटपुटला, पण गेला. टकळीला स्वतःचंच नवल वाटलं. मग ती परत काकांकडे वळली.

ते डोळे मिटून उभे होते. कपाळावरून घाम चष्म्याच्या काचेवर उतरला होता. "घाबरू नका" असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं, आणि त्याच क्षणी तिला शिकवणीची गाडी आठवली. चढावर बंद पडलेली गाडी, मागे हॉर्नचा कल्लोळ, स्टेअरिंगला मिठी मारून बसलेला शिकाऊ माणूस. वडील कधीच कोणाला घाबरू नका म्हणाले नव्हते. ते म्हणायचे, "घाबरा हवं तर, पण क्लच सोडू नका." मागच्या लोकांना आरशातून हात करायचे आणि म्हणायचे, "त्यांना वाजवू दे. आपल्याला काय करायचंय ते आपण बघू."

"काका," ती म्हणाली, "घाबरा हवं तर. पण भिंत सोडू नका. आपल्याला काही घाई नाही."

"लोक खोळंबलेत."

"लोकांचं लोक बघतील. आता तुम्ही इथेच खाली बसायचं."

"बसायचं?" त्यांनी डोळे उघडले. "आणि काय, लहान मुलासारखं घसरत उतरू?"

"हो."

"सगळ्यांसमोर?"

"वरच्यांना वळणामुळे दिसत नाही. खालच्याला मी हाकललंय. राहिले मी. मी कोणाला सांगणार नाही."

काकांना तेवढ्यातही थोडं हसू आलं. तिने डावा हात त्यांच्या काखेखाली घातला आणि उजवा ताठ झालेल्या पायाच्या मांडीवर दाबून ठेवला. या वेळी हलका ठेवून भागण्यासारखं नव्हतं. हा माणूस तिच्या अंगावर आला असता तर दोघंही त्या झरोक्यावर आदळले असते. तिने पाय भिंतीला रोवले. "मी सांगते तसं. हळूच माझ्याकडे वळा, पाठ भिंतीला लावा. आता डावा पाय वाकवा. उजवा पुढे सोडा, नुसता सोडा. माझ्यावर वजन येऊ दे. येऊ दे, मी पडत नाही."

ते बसले. बसल्यावर त्यांच्या तोंडून एक मोठा श्वास बाहेर पडला, आणि मग दोघंही थोडा वेळ तसेच राहिले, ते पायरीवर आणि ती खालच्या पायरीवर त्यांच्यासमोर, झरोका स्वतःच्या पाठीने झाकून.

"आता माझ्याकडे बघा. माझ्या खांद्यापलीकडे बघायचं नाही. पुढच्या पायरीवर पाय, मग हात, मग तुम्ही."

"मी म्हणजे काय, बूडच ना," काका म्हणाले.

"तेच."

असे ते उतरायला लागले. पाय, हात आणि बूड. टकळी एक एक पायरी मागे सरत होती, तिचा तळवा सतत त्यांच्या गुडघ्यावर. आणि तिचं तोंड सुरू झालं ते सुरूच. भीतीने गोठलेल्या माणसाला शांततेत सोडायचं नाही एवढं तिला कळत होतं. तिने विचारलं, दुकानात सगळ्यात विचित्र गिऱ्हाईक कोण आलं होतं. काका म्हणाले, एक बाई आल्या होत्या, त्यांना नवऱ्यासाठी असा चष्मा हवा होता, की घातल्यावर तो कमी बोलेल. तिने विचारलं, मग दिलात का. ते म्हणाले, जड फ्रेम दिली, नाक दुखलं की माणूस आपोआप कमी बोलतो. तिने त्यांना वडिलांच्या गाडीतल्या गमती सांगितल्या. एका शिकाऊ बाईने परीक्षेच्या दिवशी इन्स्पेक्टरलाच गाडीतून उतरून धक्का मारायला लावला होता, ते सांगितलं. काका हसले तेव्हा त्यांचा गुडघा तिच्या हाताखाली सैल झाला.

वरून कोणीतरी विचारलं, "यायचं का आता?"

"नाही," दोघंही एकदम म्हणाले.

खालच्या दाराचा उजेड पायऱ्यांवर दिसायला लागला तसे काका थांबले. "आता मी उभा राहतो."

"कशाला? अजून थोडंच राहिलंय."

"बाहेर ताई बसली आहे."

टकळीने जरा विचार केला. इथे पायऱ्या रुंद होत्या आणि लोखंडी कांब शाबूत होती. "ठीक आहे. पण आधी उजवा पाय खाली, मग डावा. उतरताना ऑपरेशनचा पाय नेहमी आधी. आणि कांब सोडायची नाही."

ती पुढे, ते मागे, असे दोघं बाहेर आले. काकांनी पँटची मागची धूळ झटकली. आजी दगडावरून उठून उभ्याच होत्या, कधीपासून कोण जाणे. कॅमेरावाल्याने खाली येऊन काहीबाही सांगितलेलं दिसत होतं.

"एवढा वेळ काय करत होतास?" त्यांनी विचारलं. बोलणं बंद होतं हे त्या विसरल्या होत्या.

"गप्पा मारत होतो," काका म्हणाले आणि दगडावर बसले. आजींनी त्यांच्याकडे नीट बघितलं आणि पिशवीतून मफलर काढून त्यांच्या गळ्यात घातला. भर उन्हात. काकांनी तो राहू दिला.

टकळीने दारातून वर हाक दिली, "या आता सगळे." लोक उतरले. सगळ्यात शेवटी उतरलेल्या एक बाई तिच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या. गाईड घड्याळ बघत म्हणाला, की आता पुलासाठी वेळ कमी उरणार. दुसरा गट वर निघाला, तशी टकळी आजींजवळ सावलीत बसायला गेली.

"तू बसतेस काय?" काका म्हणाले. "जा वर. मी एवढ्या लांब आलो ते काय मनोऱ्याचं पोट बघायला? काय दिसतं ते मला कोणीतरी नीट सांगायला हवं."

म्हणून ती परत चढली, कॅमेरावाल्याच्या पुढे. त्या रुंद झरोक्याशी तिने बाहेर बघायचं टाळलं. एका दिवसात तेवढी हिंमत पुरे होती. वर गोल गच्ची होती, कमरेएवढा कठडा आणि असा वारा, की पदर-ओढण्या सगळ्यांच्या एकाच दिशेला. सगळीकडे नुसतं उघडं आभाळ. ज्या शहरात तिने इतके महिने खोलीपासून कॉलेजपर्यंत आणि कॉलेजपासून खोलीपर्यंत एवढाच रस्ता तुडवला होता, ते लांबवर पसरलेलं होतं. नदी त्याला अर्धा वळसा घालून गेली होती आणि पलीकडे हिरवळ आणि गच्च्यांवर वाळत घातलेल्या कपड्यांचे रंगीत ठिपके. हे कधी बघितलंच नव्हतं आपण, असं तिच्या मनात आलं. तिने कॅमेरावाल्याला विचारलं, हॉस्पिटल कुठे असेल. त्याने मघाचा राग विसरून बोट करून दाखवलं, मग लेन्समधूनही दाखवलं. मग तो स्वतःहून म्हणाला, "तुमचा एक फोटो काढू का?" तिने काढू दिला. केस तोंडावर आलेला, हसताना डोळे बारीक झालेला.

खाली काकांनी तिची उलटतपासणी घेतली. नदी कुठल्या हाताला? टेकडीवर काय दिसतं? धरणाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत काही लिहिलंय म्हणे, ते वाचता आलं का?

"अक्षरं आहेत का तिथे? मला पांढरा पट्टा दिसला."

काका पुढे वाकले. "पलीकडच्या टेकडीवर खांब किती होते?"

"खांब?"

"तुला चष्मा लागलाय," काका म्हणाले, आणि त्या दिवसात पहिल्यांदा अगदी खुशीत दिसले.

"हा सगळ्यांनाच असं सांगतो," आजी म्हणाल्या. "दुकान सोडलं तरी खोड गेली नाही."

पुलावर पोचेपर्यंत ऊन कलतं झालं होतं. दगडी कमानींचा तो बुटका पूल, पाणी हाताशी असल्यासारखं जवळ. काका एकटेच पलीकडच्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. परतीच्या बसमध्ये दिवे लागायच्या सुमाराला त्यांनी आजींना सगळं सांगून टाकलं, झरोक्यापासून बुडापर्यंत. टकळी मध्येच बसली होती, पण निरोप्याची गरज उरली नव्हती. आजी ऐकत राहिल्या. त्या हसतील असं टकळीला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "मला का नाही सांगितलंस, तुलाही भीती वाटते म्हणून? मी एवढी वर्षं समजत होते, घरात मीच एक भित्री."

"मलाच कुठे माहीत होतं," काका म्हणाले.

उतरताना आजींनी टकळीला विचारलं, "सुट्टी कधी असते तुला?"

"रविवारी."

"मग ये. याच्या गुडघ्याकडे बघ. आणि नसेल बघायचं तर नुसतीच ये."

हॉस्टेलवर जाऊन तिने घरी फोन लावला. आईने उचलला, पण ती म्हणाली, "बाबांना दे." चढाची आणि क्लचची सगळी हकीकत वडिलांनी शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग म्हणाले, "त्या माणसाला सांग, पुन्हा चढायचं असेल तर आधी सपाटीवर सराव करा." थोड्या वेळाने ते म्हणाले, "आणि तू कशी आहेस?" ती म्हणाली, "बरी आहे. खरंच बरी आहे." आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

वॉर्डात लगेच सगळं बदललं असं नाही. मॅडम तशाच होत्या, मुलींचे विनोदही तेच. फक्त टकळी आता पेशंटशी बोलायला लागली, आणि बोलता बोलता तिचा हात कुठे ठेवायचा तिथे जाऊन बसायला लागला. एका मुलीने तिला विचारलं, तू त्या चिडक्या आजोबांना चालायला कसं तयार केलंस, आणि त्यावरून दोघी जेवायला एकत्र गेल्या. सत्र संपल्यावर ती घरी गेली, पण थोड्याच दिवसांसाठी; जाताना अर्धं सामान खोलीवरच ठेवून गेली.

पण त्याआधी तो रविवार आला. चष्म्याच्या दुकानाच्या वर घर होतं. दुकानात भाच्याने तिचे डोळे तपासले. नंबर निघाला, अगदी थोडा. वर गेली तर काका एक रंगीत पत्रक घेऊन तयारच बसले होते. दुसरी एक सहल होती, टेकडीवरच्या जुन्या राजवाड्याची.

"वर जायला पायऱ्याच आहेत," ते म्हणाले. "पण मोकळ्यावर. झरोका नाही."

"आधी घरातल्या पायऱ्या," टकळी म्हणाली.

तिने त्यांना दुकानापासून घरापर्यंतचा जिना उतरायला लावला, मग चढायला. स्वतः खालच्या बाजूला उभी राहिली. आजी वरच्या दारात खुर्ची टाकून बसल्या आणि एक्स्चेंजमध्ये आकडे सांगायच्या त्या सुरात पायऱ्या मोजायला लागल्या. काका वर पोचले, कठड्याला धरून उभे राहिले आणि आता चहा होईल या आशेने बहिणीकडे बघायला लागले.

"चांगलं झालं," टकळी म्हणाली. "आता कठड्याला न धरता. या खाली."